सोमेश्वराचा मानसोल्लास : राज्य, सज्जता व संगीत

कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसरा सोमेश्वर, उपनाम भूलोकमल्ल, याचा मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि हा ग्रंथ संशोधकांस नवा नाहीं. मात्र तो बहुधा तुकड्यांनीं वाचला जातो. पाकशास्त्राचा जिज्ञासु त्यांतील अन्नभोग पाहतो, गजशास्त्राचा जिज्ञासु हत्तींचीं लक्षणें शोधतो, आणि मराठीचा अभिमानी गीतविनोदांतील प्राचीन मराठीच्या वळणाच्या मोजक्या पंक्ति टिपून पोथी मिटतो. अध्यापनाच्या काळांत आम्हींही विद्यार्थ्यांकरितां असेच वेंचे काढीत असूं. निवृत्तीनंतर ग्रंथ आरंभापासून क्रमानें वाचला, तेव्हां आमची चूक ध्यानांत आली. या ग्रंथाचा क्रम हाच ग्रंथकाराचा सिद्धांत आहे, असें आमचें मत झालें आहे.

ग्रंथांतील ज्योतिषगणितास शके १०५१ चा आरंभ आधारभूत धरला आहे. त्यावरून रचनाकाल इ. स. ११२९ च्या सुमाराचा ठरतो. ग्रंथाच्या पांच विंशति असून प्रत्येकींत वीस विषय आहेत. पहिली राज्यप्राप्तीची. येथें सेना व दुर्ग यांची अपेक्षा करणाऱ्या वाचकास प्रथम भेटतें तें असत्यवर्जन. मग परद्रोहवर्जन, क्रोधवर्जन, दान, अतिथिपूजन, आणि शेवटीं शरणागतरक्षण. राज्य मिळविण्याचें साधन म्हणजे राजाचें स्वतःचें शील, हें या विंशतीचें तत्त्वज्ञान होय.

दुसरी विंशति राज्याच्या स्थैर्याची. राज्याचीं सात अंगें, तीन शक्ति, सहा गुण व चार उपाय मिळून वीस हा हिशेब नीट जुळतो. कोश, दुर्ग व बल यांची सर्व तयारी येथें सांगितली आहे. हें झाल्यावरच तिसरींत उपभोग, चवथींत विनोद आणि पांचवींत क्रीडा येतात. त्यांतही विनोदांचा क्रम पाहण्याजोगा आहे. आरंभीं शस्त्र व शास्त्र, मग हत्ती व घोडे यांची वाह्याळी, मल्लयुद्ध, मृगया; आणि त्यानंतर गीत, वाद्य व नृत्य. म्हणजे राजाची करमणूकसुद्धां बव्हंशीं सैन्याची तालीमच आहे, आणि संगीतास जागा मिळते ती त्या तालमीनंतर.

सर्वज्ञ म्हणविणारा हा राजा विनोदांत रमला व राज्य सैल झालें, असा आक्षेप घेण्यांत येतो. सोमेश्वर सुमारें इ. स. ११३८ मध्यें वारला, आणि पुढें वीस वर्षांच्या सुमारास, तिसऱ्या तैलाच्या काळीं, कलचुरि बिज्जलानें कल्याणीची सत्ता बळकाविली, हें खरें. परंतु होयसळ विष्णुवर्धनाची धडपड सोमेश्वराच्या पित्याच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या, काळापासूनचीच होती. आणि बिज्जल हा परचक्र घेऊन आलेला शत्रु नव्हे, घरचाच मांडलिक होता. सोमेश्वरानें सप्तांगांत स्वामीच्या लगत अमात्य ठेवला, दुर्ग व बल मागाहून. जें संकट पुढें आलें, तें याच ठिकाणीं आलें. तेव्हां दोष विनोदाचा नसून क्रम मोडल्याचा आहे. आक्षेपांतील एवढा अंश मात्र आम्हांस मान्य आहे कीं, पित्यानें लिहून ठेविलेली सज्जता वंशजांस आपोआप वारशानें मिळत नाहीं.

वारशानें चाललें तें संगीत. सोमेश्वराचा पुत्र जगदेकमल्ल यानें संगीतचूडामणि रचिला. आणि तेराव्या शतकांत देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयानें लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानें पूर्वाचार्यांत या पितापुत्रांचीं नांवें आदरानें घेतलीं. याहून मोठी गोष्ट म्हणजे, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, याची नोंद चक्रवर्तीनें आपल्या ग्रंथांत केली. चालुक्यांचें सिंहासन गेलें. कांडणाची ती ओवी पुढें कित्येक शतकें आमच्या घरांत ऐकूं येत राहिली.

शेवटीं पोथीसंग्राहकांस एक विनंती. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेल्या बडोद्याच्या आवृत्तीचे तीन भाग १९२५, १९३९ व १९६१ या वर्षीं निघाले. संगीताचें प्रकरण तिसऱ्या भागांत असल्यामुळें तें सर्वांत उशिरां छापून आलें. तोंवर त्याचा सांभाळ हस्तलिखितांनींच केला. अशा ग्रंथाचीं सुटीं पत्रें हातीं आलीं, तर केवळ मराठी पंक्तींचें पान निराळें काढून ठेवूं नये. पत्रांक, विंशति व मागचापुढचा विषय टिपून तीं जशींच्या तशीं एकत्र बांधावीं. ज्या ग्रंथाचा अर्थ त्याच्या क्रमांत आहे, त्याचें एक पान हलविलें तरी अर्थ हलतो.