बाळंतपणाची पूर्वतयारी : कालची आणि आजची



बाळंतपणाची तयारी आमच्या घरांना नवी नाहीं. मानवतसारख्या मराठवाड्यांतील कोणत्याही गांवीं सातवा महिना लागला कीं ओटी भरावयाची, मुलीस माहेरीं आणावयाचें, जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं शिवावयाचीं, डिंक, बाळंतशेपा, वावडिंग जमवावयाचें आणि ओळखीच्या सुइणीस निरोप धाडावयाचा, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्याचें मूळही फार जुनें आहे. नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार बांधावें, त्यांत तूप, तेल, मीठ, पाणी, जळण व तीक्ष्ण शस्त्रें सिद्ध ठेवावीं, आणि अनेकवार प्रसूत झालेल्या मायाळू स्त्रिया जवळ असाव्या, असें चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे.

मग उणें कोठें होतें? तयारी प्रसंगाची होत होती. मातेची तपासणी मात्र होत नव्हती. हिंडतीफिरती गर्भिणी निरोगीच, असें घरचीं माणसें धरून चालत. डॉक्टराचें नांव निघे तें सुईण हात टेकी तेव्हां. आणि डॉक्टर पुरुष असल्यामुळें संकोचांत आणखी वेळ जाई.

हें उणें एका मराठी मुलीनें स्वतः सोसलें. कल्याणास 1865 सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं माता झाल्या आणि त्यांचें बाळ दहा दिवसांतच गेलें. पुढें 1883 सालीं त्या अमेरिकेस गेल्या व 1886 मध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. स्वदेशीं परततांच 1887 च्या फेब्रुवारींत त्यांचें निधन झालें. परंतु वाट खुली झाली होती. मुंबईस 1886 सालीं स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय निघालें, डॉ. रखमाबाई 1895 पासून सुरतेस स्त्रियांची चिकित्सा करूं लागल्या. जें पुरुषास सांगवत नव्हतें, तें बाईस सांगतां येऊं लागलें.

निरोगी दिसणाऱ्या गर्भिणीसही नियमानें तपासावें, हा विचार पाश्चात्य देशांतही उशीराच रुजला. एडिंबरोच्या डॉ. बॅलंटाइन यांनीं 1901 सालीं त्याचा आग्रह धरला. 1929 सालीं ब्रिटिश आरोग्य खात्यानें सोळाव्या आठवड्यापासूनच्या तपासण्यांचें वेळापत्रकच ठरवून दिलें. आपल्याकडे 1946 सालच्या भोर समितीच्या अंदाजाप्रमाणें दर हजार जन्मांमागें सुमारें वीस माता दगावत. मानवत तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. तें राज्य 1948 सालीं भारतांत विलीन झालें. महाराष्ट्रांत 2018 ते 2020 या काळांत हेंच प्रमाण लाखामागें 33 वर आलें होतें. धनुर्वाताची लस, स्वच्छ हात, रक्त आणि वेळेवर केलेली शस्त्रक्रिया या सर्वांचा त्यांत वांटा आहे. आणि धोका आधीं ओळखणाऱ्या तपासणीचाही आहे.

ही तपासणी काय पाहते? रक्तदाब व लघवी पाहिली म्हणजे झटक्यांची पूर्वसूचना मिळते. रक्त पाहिलें म्हणजे पंडुरोग कळतो. पोट पाहिलें म्हणजे मूल आडवें आहे काय, तें समजतें. दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी करण्याची योजना 2016 पासून आहे. तेथें जातांना शेवटच्या पाळीची तारीख, मागील बाळंतपणांची हकीकत, चालू औषधें आणि मनांतील शंका कागदावर लिहून न्याव्या. मागचें कार्ड विसरूं नये. डोकें फार दुखणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, मुलाची हालचाल मंदावणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास तारखेची वाट न पाहतां तत्काळ जावें.

आणखी एक तयारी घरच्या पुरुषांची. मानवत रोडचें स्थानक गांवांत नाहीं आणि जिल्ह्याचें रुग्णालय परभणीस आहे. म्हणून कोठें जावयाचें, वाहन कोणाचें, रात्रीं सोबत कोण, रक्त लागल्यास देणार कोण, हें आठव्या महिन्यांतच ठरवावें. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक सर्वांस पाठ असावा. दुपटीं शिवावीं, डिंकही जमवावा; पण त्या गांठोड्यांत तपासणीचें कार्ड सर्वांत वर ठेवावें.