माशीची जवळची बहीण कोण?

मैत्रिणींनो, भिंतीच्या भेगेत राहणारी, भेगेच्या तोंडाशी मेण-डिंकाची बारीक नळी काढणारी काळी माशी तुम्ही पाहिली असेल. ती डंख मारत नाही, फार तर चावते. तिची जवळची बहीण कोण, यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद चालला. त्याची हकिगत आज सांगतो.

मागच्या पायावर परागाची टोपली असणाऱ्या माश्यांची आज चार कुळं आहेत. आपली मधमाशी, ही बिनडंखाची माशी, थंड मुलखातली केसाळ, गुबगुबीत बंबलबी आणि अमेरिकेच्या उष्ण जंगलांतली चकचकीत ऑर्किड माशी. पहिल्या दोघींचा संसार सारखा दिसतो: एक राणी, पुष्कळ कामकरी माश्या आणि वर्षानुवर्षं चालणारं घर. बंबलबीची राणी मात्र वसंतात एकटीच घर मांडते आणि थंडी आली की ते मोडतं. शरीराची ठेवण आणि वागणूक पाहणाऱ्या अनेक अभ्यासकांनी त्यामुळे पहिल्या दोघींनाच बहिणी ठरवलं.

१९९३ साली अमेरिकेतल्या सिडनी कॅमेरॉन यांनी (नाव पुरुषी वाटलं तरी या बाई आहेत) या माश्यांच्या डीएनएचा एक तुकडा वाचला. हा डीएनए आईकडूनच लेकरांत येतो, म्हणजे कूळ लावलं ते आयांवरून. आम्हाला हे फार आवडलं.

पण अक्षरांवरून नातं कसं कळतं? लग्नाच्या गाण्यांच्या वह्या आठवा. एकीने उतरवताना शब्द चुकवला, की तिच्यावरून उतरवणाऱ्या सगळ्यांच्या वहीत ती चूक जाते. दोन वह्यांत त्याच चुका सापडल्या, तर त्यांची मूळ वही एक. डीएनएची चार अक्षरंही पिढ्यान् पिढ्या अशीच उतरतात, अधूनमधून बदलतात.

कॅमेरॉनबाईंच्या तपासात बिनडंखाच्या माशीची बहीण निघाली बंबलबी! शरीर पाहणाऱ्यांना ते पटेना, आणि एवढ्याशा तुकड्यावर विसंबणंही कठीणच होतं. पुढे अनेक जनुकं एकत्र वाचली गेली. सोफी कार्डिनल आणि ब्रायन डॅनफोर्थ यांच्या २०११ च्या अभ्यासातही तेच नातं दिसलं. मग तो मोठा संसार दोन घरांत वेगवेगळा उभा राहिला असावा, किंवा बंबलबीच्या पूर्वजांनी तो मोडला असावा.

एक खूण मात्र डोळ्यांसमोरच होती. मधमाशी सहाकोनी घरांत मध भरते. बिनडंखाची माशी आणि बंबलबी दोघीही तो मेणाच्या गोल मडक्यांत ठेवतात.