बर्फ नसलेल्या देशात न गोठणारे पाणी
मोटारीच्या शीतनद्रवाची कहाणी

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात 'कूलंट' मागितले, की दुकानदार विचारतो, "हिरवे देऊ, की लाल?" फळीवर निळ्या, गुलाबी आणि नारिंगी द्रवाचे डबेही मांडलेले असतात. काहींवर 'उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही' असे छापलेले असते. जळगाव-नागपूरच्या उन्हाळ्यात हे वाचणाऱ्या एखाद्या चौकस विद्यार्थ्याला प्रश्न पडेल, की जिथे कधी बर्फ पडत नाही तिथे न गोठणारे पाणी हवे कशाला? आणि रंग तरी कोणता घ्यायचा? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इतिहासात सापडतात. आज या द्रवात जे जे घातलेले असते, ते पूर्वी कधीतरी उद्भवलेल्या अडचणीवरचा उपाय म्हणून आलेले आहे. तो क्रम ध्यानात आला, की निवड फारशी अवघड राहत नाही.

नुसत्या पाण्याचे दिवस

इंजिनात इंधन जळल्यावर निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाके फिरवण्याच्या कामी येते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती सतत काढून घेतली नाही, तर वंगण जळते आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसतो. या कामासाठी पाण्याइतका चांगला आणि स्वस्त द्रव दुसरा नाही, कारण एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत हे पाणी चक्क उकळून उडून जात असे. १८८८ साली त्यांच्या पत्नी बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला गाडीने गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. हवेला लागणारा पृष्ठभाग वाढल्यामुळे आता अवघ्या ९ लिटर पाण्यावर भागू लागले. तेच ते पाणी फिरवून वापरता येऊ लागले, पण त्यातूनच नवी अडचण आली. पाणी गाडीत कायमचे राहू लागले आणि युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात रात्रभर उभ्या गाडीत ते गोठू लागले. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्या दाबाने रेडिएटर फुटत आणि बिडाच्या इंजिनाला तडे जात.

मग लोकांनी पाण्यात हाताला येईल ते मिसळून पाहिले. मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड यांनी पाणी गोठणे थांबले, पण धातू गंजून गेला. साखर आणि मध यांचा चिकटा नळ्यांत बसला. पाण्याऐवजी रॉकेल वापरले, तर रबरी नळ्या कुजत आणि आगीची भीती राही. मिथेनॉल त्यातल्या त्यात बरे ठरले. पण ते ६५ अंशांनाच उकळते, त्यामुळे गाडी चालवता चालवता उडून जाई आणि पुन्हा पुन्हा भरावे लागे.

गोड अल्कोहोल

योग्य पदार्थ खरे तर मोटारीच्या जन्माआधीच सापडलेला होता. पॅरिसमधील रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदोल्फ व्युर्ट्स यांनी १८५६ साली तो तयार केला. त्याचे गुणधर्म ग्लिसरीन आणि अल्कोहोल यांच्या मधले, म्हणून दोन्ही शब्द जोडून त्यांनी त्याला 'ग्लायकॉल' हे नाव दिले. ग्लिसरीनप्रमाणे तोही चवीला गोड होता. हेच आजचे इथिलीन ग्लायकॉल. साठ वर्षे त्याला विशेष काम नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत ग्लिसरीनची टंचाई झाली, तेव्हा स्फोटकांसाठी ते वापरले गेले. अमेरिकेत १९२५ साली वेस्ट व्हर्जिनियातील साऊथ चार्ल्सटन येथे त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि १९२७ साली 'प्रेस्टोन' या नावाने ते मोटारींसाठी बाजारात आले.

ते १९७ अंशांना उकळते, म्हणून उडून जात नाही. त्याच्या गोठण्याची गोष्ट मात्र वर्गात सांगण्यासारखी आहे. शुद्ध पाणी ० अंशाला गोठते, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांना. दोन्ही समप्रमाणात मिसळली, की मिश्रण मात्र उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. एक लिटर ग्लायकॉलचे वजन सुमारे १,११० ग्रॅम आणि त्याचा रेणुभार ६२. म्हणजे एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे १७.९ मोल ग्लायकॉल झाले. गोठणबिंदूतील घट दर मोलला १.८६ अंश धरली, तर उत्तर उणे ३३ येते. हा नियम विरल द्रावणांचा आहे, तरीही उत्तर प्रत्यक्षाच्या इतके जवळ जाते. उत्कलनबिंदूसाठी दर मोलला ०.५१ अंश वाढ धरल्यास १०९ अंश मिळतात. प्रत्यक्षात ते सुमारे १०७ ते १०८ असतात. आपल्या उन्हाळ्यात कामाला येतो तो हा दुसरा आकडा.

जास्त ग्लायकॉल म्हणजे अधिक चांगले?

याचे उत्तर विमानांनी दिले. १९३० च्या दशकात स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला केवळ ग्लायकॉल वापरले जाई. द्रव जितका तापू द्यावा तितका त्याच्या आणि हवेच्या तापमानातील फरक वाढतो आणि लहान रेडिएटर पुरतो, हा त्यामागचा विचार. पण ग्लायकॉलचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या जेमतेम सहा दशांश आहे. तेवढीच उष्णता नेताना ते अधिक तापते. शिवाय गळती झाल्यास पेट घेण्याचा धोका असतो. १९४० च्या सुमारास मर्लिनच्या सुधारित आवृत्तीत ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल दाबाखाली वापरण्यात आले. उष्णता वाहण्याचे काम पाण्याकडे आणि उत्कलनबिंदू वाढवण्याचे काम दाबाकडे, अशी ही वाटणी होती.

आजच्या मोटारीत तेच तत्त्व आहे. रेडिएटरच्या झाकणामुळे आतील दाब साधारण एक वातावरण इतका वाढतो आणि पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच घाट चढून तापलेल्या गाडीचे झाकण लगेच उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांच्या वर असलेले पाणी एकदम उकळून अंगावर उसळते.

खरा शत्रू : गंज

इंजिन आणि रेडिएटर यांत लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, डाखकामातील कथील आणि शिसे असे अनेक धातू एकाच पाण्यात भिजत असतात. वेगवेगळे धातू आणि क्षारयुक्त पाणी एकत्र आले, की विद्युतघट तयार होतो, हे आपण शिकवतोच. असा घट इंजिनाच्या पोटात झाला, की एक धातू दुसऱ्यासाठी झिजू लागतो. आपल्याकडील विहिरी-बोअरचे कठीण पाणी वापरल्यास क्षारांचा थर बसतो आणि तो उष्णता अडवतो. त्यात ग्लायकॉलची भर पडते. तापलेल्या ग्लायकॉलचे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ग्लायकॉलिक आणि फॉर्मिक यांसारखी आम्ले बनतात. म्हणून द्रवात क्षरणरोधके घालावी लागली. टाकणखार आम्लाला मारतो, नायट्राइट बिडाला जपते, सोडियम सिलिकेट ॲल्युमिनियमवर पातळ थर चढवते.

इथून वाटा फुटल्या. युरोपातील पाणी कठीण, त्यात फॉस्फेटचा साका बसे, म्हणून तेथील उत्पादकांनी फॉस्फेट टाळून सिलिकेट घेतले. जपानी उत्पादकांना सिलिकेटमुळे पंपाची सील झिजण्याची काळजी, म्हणून त्यांनी फॉस्फेट ठेवून सिलिकेट टाळले. ॲल्युमिनियमचा वापर वाढला, तशी तिसरी वाट निघाली, ती सेंद्रिय आम्लांच्या क्षारांची. १९९५ पासून जनरल मोटर्सने नारिंगी रंगाचा असा द्रव वापरात आणला. या गटातील सेबॅसिक आम्ल एरंडेलापासून मिळते. सिलिकेट सगळीकडे थर देत लवकर संपते. सेंद्रिय क्षार मुख्यतः जिथे क्षरण सुरू होते तिथेच काम करतात, म्हणून पहिला द्रव साधारण दोन वर्षे आणि दुसरा पाच वर्षे टिकतो.

मग निवडायचे कसे?

रंग हा केवळ नंतर घातलेला रंग आहे. त्याला सर्वमान्य नियम नाही. एका लाल द्रवात फॉस्फेट असेल, दुसऱ्या लाल द्रवात ते मुळीच नसेल. गाडीच्या माहितीपुस्तिकेत कोणता प्रकार सांगितला आहे ते पाहावे आणि डब्यावर तो प्रकार व मानकाचा क्रमांक, उदाहरणार्थ भारतीय मानक आय.एस. ५७५९, शोधावा. दोन प्रकार मिसळू नयेत. काही मिश्रणांत सिलिकेटचा लगदा होतो, आणि तो झाला नाही तरी क्षरणरोधके दुबळी पडतात. संहत द्रव असेल, तर तो पुस्तिकेतील प्रमाणात ऊर्ध्वपातित किंवा क्षाररहित पाण्यातच मिसळावा. तयार मिश्रणात आणखी पाणी घालू नये, कारण पाण्याबरोबर गंजापासूनचे संरक्षणही पातळ होते. मुदत संपली, की द्रव स्वच्छ दिसत असला तरी बदलावा, कारण क्षरणरोधक संपल्याचे डोळ्यांना कळत नाही.

एक इशारा मात्र प्रत्येक वर्गात द्यावा. व्युर्ट्स यांनी नोंदलेली ती गोडी जीवघेणी आहे. यकृतात इथिलीन ग्लायकॉलचे शेवटी ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडे बंद पाडतात. त्याचेच भावंड असलेले डायइथिलीन ग्लायकॉल औषधी ग्लिसरीनमध्ये मिसळले गेल्यामुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. शीतनद्रव कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. जमिनीवर सांडल्यास लगेच धुऊन काढावे, कारण कुत्री-मांजरे ते चाटतात.

शाळेत ग्लायकॉल न वापरताही यातला महत्त्वाचा भाग दाखवता येतो. पाच परीक्षानळ्यांत पाच स्वच्छ खिळे ठेवा. एकीत नळाचे पाणी, दुसरीत उकळून गार केलेले पाणी व वर तेलाचा थर, तिसरीत मिठाचे पाणी, चौथीत मिठाचेच पाणी पण खिळ्याला तांब्याची तार गुंडाळलेली, आणि पाचवीत टाकणखाराचे द्रावण घ्या. आठवडाभर रोज नोंदी करायला सांगा. कोणता खिळा आधी गंजला आणि कोणता तसाच राहिला, हे मुलांनी स्वतः पाहिले, की बर्फ नसलेल्या देशात हे द्रव कशासाठी लागते, ते निराळे सांगावे लागणार नाही.