उंबरठ्याआतील इतिहास

दुर्ग आणि भिलाई ही दोन शहरे आता एकमेकांत इतकी मिसळून गेली आहेत की, एकाची हद्द कोठे संपली आणि दुसऱ्याची कोठे सुरू झाली, हे पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. ह्या मिसळलेल्या वस्तीत बोरसी आहे. नोकरीच्या निमित्ताने मी येथे राहावयास आलो तेव्हा शेजारच्या एका बिहारी गृहस्थांनी मला सांगितले की, त्यांच्या मुलखात 'बोरसी' म्हणजे मातीची शेगडी. थंडीच्या दिवसांत गोवऱ्यांचा विस्तव भरून घरची माणसे जिच्याभोवती बसतात ती. छत्तीसगढी बोलीत त्याच वस्तूला 'गोरसी' म्हणतात. गावाचे नाव ह्या शेगडीवरून पडले, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. परंतु तो शब्द मनात राहिला, आणि शेगडी, चूल, जाते, घागर ह्या वस्तूंचाही काही इतिहास असेल, असा विचार त्याच्याबरोबर आला.

सरकारी नोकराला जुनी गॅझेटियरे चाळण्याची सवय असते. दुर्ग जिल्हा १९०६ साली निर्माण झाला आणि त्याचे पहिले गॅझेटियर १९१० साली निघाले. अशा ग्रंथांतून जमीनमहसूल, पिके, जाती आणि पाऊसपाणी ह्यांची माहिती बारकाईने दिलेली असते; लोक काय खातात ह्याविषयीही चार ओळी सापडतात. परंतु ते अन्न कोणी रांधले, त्यासाठी कोण किती वाजता उठले आणि पाणी कोठून आणले, हे प्रश्न त्या ग्रंथकारांना पडत नसत. महसूल शेतातून येतो, स्वयंपाकघरातून येत नाही. आणि जेथून महसूल येत नाही तेथे कारकुनाची लेखणी सहसा जात नाही.

छत्तीसगढाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आला. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर आगगाडी आली, कचेऱ्या आल्या, आणि १९५६ सालापर्यंत ह्या प्रदेशाची राजधानी नागपूरच असल्यामुळे शिक्षक, वकील, स्टेशनमास्तर, कारकून अशी मराठी कुटुंबे रायपूर, दुर्ग, बिलासपूर येथे येऊन राहिली. ही हकीगत आपण सांगतो तेव्हा ती पुरुषांची हकीगत असते. कोण बदलून आला, कोणाला बढती मिळाली, हे घराघरांतून सांगितले जाते. त्यांच्याबरोबर ज्या स्त्रिया आल्या, त्यांना नव्या मुलखात रोजची कामे नव्याने शिकावी लागली, ह्याची नोंद मात्र घरातही क्वचितच राहते.

हा फरक लहान नव्हता. वऱ्हाड-नागपूरकडची बाई ज्वारी-गव्हाच्या देशातून येत होती. तिचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होत असे. येथे ती आली ती धानाच्या देशात. येथील दिवस ढेंकीने सुरू होई. ढेंकी म्हणजे एक लांब लाकडी तुळई. तिचे एक टोक पायाने दाबावयाचे आणि सोडावयाचे, की दुसऱ्या टोकाचे मुसळ जमिनीतील उखळात धानावर पडते. जात्याचे श्रम दंडात आणि खांद्यात साठतात, तर ढेंकीचे पायात आणि कमरेत. धान्य बदलले म्हणजे बाईच्या शरीराचा दुखणारा भागही बदलतो. परंतु हे काही शेतकीच्या अहवालात येत नाही.

येथील 'बासी'कडेही ह्याच दृष्टीने पाहावयास हवे. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवावयाचा आणि सकाळी मीठ, मिरची, कांदा ह्यांच्याबरोबर खावयाचा, ही छत्तीसगढची जुनी न्याहारी. १ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, राज्य शासनाने तिचा गौरव केला. उन्हात राबणाऱ्याला ती थंडावा देते, हे तर खरेच. पण तिच्यात गृहिणीची काटकसरही आहे. रोपणीच्या दिवसांत बाईला स्वतःच शेतावर जावयाचे असे. सकाळी चूल पेटविण्याचा वेळ आणि सरपण ही दोन्ही बासीमुळे वाचत. एखाद्या प्रांताची आवडती न्याहारी तेथील स्त्रीच्या वेळापत्रकातून जन्मास येऊ शकते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

घरकामाचा इतिहास किती मागे जातो? पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत मातीच्या घरांबरोबर चुली सापडल्या आणि धान्य साठविण्याची पेवेही सापडली. राजांची नावे आपणास ठाऊक नाहीत असा तो काळ; परंतु तेथे रोज कोणीतरी राख काढीत होते आणि पुन्हा विस्तव घालीत होते, एवढे निश्चित. फिरते जाते त्यामानाने अलीकडचे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ते दख्खनमध्ये वापरात होते. त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षे मराठी मुलखातील पहाट त्याच्या घरघरीने उजाडत राहिली.

आपल्या वाङ्मयाने ह्या कामाची उपेक्षा केली, असे मात्र म्हणता येणार नाही. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळण-कांडण करी, शेणी वेची, आणि ह्या कामांत पंढरीचा विठ्ठल तिला हातभार लावी, ही श्रद्धा महाराष्ट्राने सातशे वर्षे जपली. ह्या कथेतील भक्ती तर मोठीच आहे. तथापि तिच्यातील एक व्यावहारिक गोष्ट आपण नजरेआड करतो. जनीच्या मदतीला देवाला यावे लागले. घरातील कोणी पुरुष आल्याचे कथेत सांगितलेले नाही. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या हजारो अनाम स्त्रियांचीही हीच स्थिती होती. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दळण गिरणीत जाऊ लागले होते आणि ओवी ज्या कामावर जगत होती ते कामच सरत होते, अशा वेळी हा संग्रह झाला. श्रम गेले ह्याचा आनंद मानावा की गाणे गेले ह्याचे दुःख, हा प्रश्न आपल्यासारख्यांना पडतो. ज्यांनी प्रत्यक्ष दळले त्या म्हाताऱ्यांना विचारल्यास त्या गिरणीच्याच बाजूने कौल देतात, असा माझा अनुभव आहे.

घरकामाला केवळ गरज वाढवीत नाही, चालीरीतीही वाढवितात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीगत आहे. बाहेरून आलेली वस्तू पाण्यातून काढल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, हा त्यांचा नियम. मिठासारखी पाण्यात विरघळणारी वस्तूही त्यातून सुटत नसे. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसत हसत सांगितले आहे. परंतु ते धुणे, वाळविणे आणि पुन्हा धुणे घरातील बायकांच्या वाट्याला येत होते, हे वाचकाने विसरू नये. पुरुषाचे सोवळे स्त्रीच्या पाण्याने चाले. आणि त्याच सोवळ्यापायी घरातील सर्वांत अमंगळ मानलेले काम उंबरठ्याबाहेरच्या जातींवर लादले गेले, हे त्या व्यवस्थेचे आणखी कठोर अंग होय.

ह्याच छत्तीसगढात एका मराठी माणसाने चुलीवर लिहिलेली कथा मला फार मोलाची वाटते. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. पण त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. १९०१ साली त्यात त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. हिंदीतील आरंभीच्या लघुकथांत तिची गणना होते. एक जमीनदार आपल्या वाड्याचे आवार वाढविण्यासाठी गरीब विधवेची झोपडी बळकावतो. तिची नात जुन्या घरावाचून अन्नाला शिवत नाही. तेव्हा म्हातारी त्या झोपडीतील टोपलीभर माती मागावयास येते. त्या मातीची चूल घालावी, म्हणजे मूल भाकरी खाईल, एवढीच तिची आशा. टोपली उचलण्यास ती जमीनदाराचाच हात मागते, आणि त्याला ती टोपली उचलवत नाही. घर म्हणजे भिंती नव्हेत, चूल होय, हे सप्र्यांनी जाणले होते. आणि चुलीचे ओझे किती असते, हे ज्याने कधी ते उचलले नाही त्याला टोपली हाती घेतल्यावरच कळते, हेही त्यांनी दाखविले.

हे ओझे हलके करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. हातसडीचा तांदूळ, हातचे दळण ह्यांचा त्याने पुरस्कार केला. गिरणीच्या पांढऱ्या तांदळातील कोंडा आणि त्याबरोबर सत्त्वही जाते, हे त्यामागील शास्त्र खरेच होते. परंतु राष्ट्राचे आरोग्य राखणारा तो तांदूळ सडावयाचा कोणी, हा प्रश्न त्यातही उरतोच. १९८३ साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅस पोहोचविण्यास आरंभ केला. लाकूड आणि गोवऱ्या, मग दगडी कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यानंतर गॅस, एवढा प्रवास अनेक घरांत एकाच बाईच्या हयातीत झाला. माझ्या आईच्या हयातीत तो झाला आहे.

बोरसीच्या आसमंतातला मोठा इतिहास मात्र वेगळ्याच विस्तवाचा आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा तो संकल्प होता. त्या भट्टीवर तीन पाळ्यांत माणसे राबत आणि तिचे रूळ देशभर पसरले. परंतु पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या आधी घरात कोणीतरी उठलेले असे. रात्रपाळीहून तो परते तेव्हा त्याला झोप मिळावी म्हणून मुलांना कोणीतरी अंगणात घेऊन बसलेले असे. ह्या चौथ्या पाळीची हजेरी कोणत्याही वहीत लागली नाही.

आता तिची थोडी मोजदाद होऊ लागली आहे. केंद्र शासनाने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ निघाल्या, तर पुरुष २६. त्या स्त्रियांचे ह्या कामी रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. मधल्या काळात गॅस आले, नळ आले, मिक्सर तर त्याआधीच आले होते. इतके होऊन पाच वर्षांत दहा मिनिटे कमी झाली. यंत्राने एकेक काम सोपे केले. पण ते काम कोणाचे, ह्या प्रश्नाला यंत्राने हात लावला नाही. घरच्या चौकटीत जी अपेक्षा पूर्वी एका भाकरीची होती, ती आता तीन पदार्थांची झाली, आणि वाचलेला वेळ तेथेच खर्ची पडला.

आता एक स्वतःची गोष्ट सांगून मी थांबतो. २०११ सालच्या जनगणनेच्या कामात मीही होतो. आमच्या घरी प्रगणक आले त्या दिवशी योगायोगाने मी घरीच होतो. त्यांनी आईला विचारले, "आपण काय काम करता?" आई हातातील निवडणाचे ताट खाली न ठेवताच म्हणाली, "काही नाही, मी घरीच असते." नियमाप्रमाणे तिची नोंद 'काम न करणाऱ्यां'त, 'घरकाम' ह्या सदराखाली झाली. प्रगणकांचे काही चुकले नव्हते. सूचनांची पुस्तिका मला पाठ होती. मीही त्याच उत्तरावर शेकडो नोंदी तपासून सही केली होती. त्या दिवशी मात्र त्यांना चहा द्यावयास आई उठली, आणि 'काम न करणारी' ही व्यक्ती सकाळपासून एकदाही बसलेली नाही, हे मला प्रथमच दिसले.

सदरे बदलणे माझ्या अधिकारात नाही. परंतु त्या दिवसापासून आमच्या घरातील सकाळचे पाणी भरणे आणि रात्रीची भांडी ही दोन कामे मी माझ्याकडे घेतली. ह्यात मोठेपणा नाही. आरंभी आईला ते आवडलेही नाही. "राहू दे रे, तुला जमायचं नाही," असे ती म्हणे, आणि पहिले काही महिने तिचेच खरे होते. आता भांडी बरी निघतात. गेल्या हिवाळ्यात मी भांडी घासून बाहेर आलो तेव्हा आई शेजारणीकडून आणलेल्या गोरसीपाशी हात शेकीत बसली होती. स्वयंपाकघरात काम चालू असताना आई बसलेली आहे, असे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.