पंडिता रमाबाईंनीं पाहिलेली अमेरिका



आम्हां टेंभुर्णीकरांस आगगाडीनें पुण्यास जावयाचें तर प्रथम कुर्डुवाडी गांठावी लागते. तेथून गाडी दौंडास येते आणि थोड्याच वेळांत केडगांव लागतें. माझ्या लहानपणीं या स्थानकावर डब्यांतील वडील माणसें खिडकीबाहेर बोट दाखवून, पंडिता रमाबाईंचें गांव तें हेंच, असें सांगत. कोणी आदरानें सांगे, कोणी नाक मुरडून. परंतु या बाईंनीं अमेरिकेच्या समाजस्थितीवर मराठींत एक मोठा ग्रंथ लिहिला आहे, हें मात्र कोणीच सांगत नसे. 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा तो ग्रंथ. तो १८८९ सालीं प्रसिद्ध झाला.

रमाबाई १८८६ च्या मार्चमध्यें इंग्लंडहून फिलाडेल्फियास गेल्या त्या एका समारंभासाठीं. ११ मार्च रोजीं आनंदीबाई जोशी यांस वैद्यकीची पदवी मिळावयाची होती, व महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनीं रमाबाईंस अगत्यानें बोलाविलें होतें. थोड्या दिवसांसाठीं गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षें तेथें राहिल्या. त्यांनीं बालोद्यानाची शिक्षणपद्धति अभ्यासिली, ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं, आणि तेथील स्त्रियांस हें स्थान मिळालें कसें, याचा शोध घेतला.

तें स्थान पूर्वापार चालत आलेलें नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील विवाहित स्त्रीची मिळकत कायद्यानें बहुतेक पतीच्या हातीं जाई. आमच्या शास्त्रांत स्त्रीधनाची कल्पना तरी होती. तेथें तेवढाही आधार नव्हता! ओबर्लिन येथील विद्यालयानें १८३७ सालीं पदवीच्या अभ्यासक्रमास स्त्रिया घेतल्या. पुढें गुलामगिरीच्या विरुद्ध झगडणाऱ्या कांहीं अमेरिकन स्त्रिया १८४० सालीं लंडनच्या परिषदेस प्रतिनिधि म्हणून गेल्या, तेव्हां केवळ स्त्रिया म्हणून त्यांस सभेंत स्थान नाकारण्यांत आलें. गुलामांच्या मुक्तीसाठीं निघालेल्यांस आपल्या पायांतील बेडीची जाणीव अशी झाली. १८४८ सालीं सेनेका फॉल्स येथें त्यांची सभा भरली, आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्क संस्थानानें विवाहितेचा मालमत्तेवरील हक्क मान्य केला. १८६९ त वायोमिंगमध्यें स्त्रियांस मत मिळालें. १८७४ सालीं मद्यपानाविरुद्ध स्त्रियांचा मोठा संघ स्थापन झाला. सभा चालविणें, ठराव लिहिणें, वर्गणी जमविणें, हिशेब छापणें हीं कामें हजारों गृहिणी अशा मंडळ्यांतून शिकल्या. माझ्या मतें त्या शिक्षणाची किंमत महाविद्यालयांतील शिक्षणाहून कमी नव्हती. रमाबाईंची दृष्टि याच गोष्टीवर खिळली. मात्र त्या भारावून आंधळ्या झाल्या नाहींत; कृष्णवर्णीयांचा तेथें होणारा तिरस्कार आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय त्यांनीं आपल्या ग्रंथांत झांकून ठेविला नाहीं.

धर्मार्थ संस्था आपल्याकडे नव्हत्या असें नव्हे. आमच्या शेजारच्या पंढरपुरांत धर्मशाळा व अन्नछत्रें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत, आणि विधवांच्या नवजात अर्भकांचे प्राण वांचावेत म्हणून १८७५ सालीं तेथेंच बालहत्या-प्रतिबंधक गृह निघालें. पण जुन्या धर्मादायांत बहुधा एक धनवान दाता असे व त्याचे वंशज तो सांभाळीत. शेंकडों अनोळखी माणसांनीं ठराविक मुदतीपर्यंत वर्गणी द्यावयाची ही रीत रमाबाईंनीं तिकडे पाहिली. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या नांवाची मंडळी स्थापन झाली आणि तिनें दहा वर्षें द्रव्यसाहाय्य करण्याचें वचन दिलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. आनंदीबाईंच्या पदवीदानाची तारीख हीच. पण आनंदीबाई त्यापूर्वीं दोन वर्षें निवर्तल्या होत्या.

सदन १८९० सालीं पुण्यास आलें आणि तेथें ठिणगी पडली. संस्थेंत धर्मोपदेश होणार नाहीं असें सांगण्यांत आलें होतें. परंतु कांहीं मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसत. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. या प्रकरणीं सर्व दोष एका पक्षावर टाकणें मला न्याय्य वाटत नाहीं. रमाबाईंनीं आपली श्रद्धा लपवावी कां? आणि पालकांनींही आपल्या मुलींविषयीं चिंता करूं नये कां? शिवाय पैसा जर दूरचा, तर त्याविषयीं संशय उत्पन्न होणें क्रमप्राप्तच होतें.

याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक गोदूबाई. त्यांचा विवाह १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला, आणि कर्व्यांनीं १८९६ सालीं आपला अनाथ बालिकाश्रम काढला. लोकांच्या लहानसहान वर्गण्यांवर संस्था चालविण्याची तीच रीत, पण आतां देणगीदार इथलेच होते.

रमाबाई पुढें केडगांवीं स्थायिक झाल्या, आणि दुष्काळांत निराधार झालेल्या शेंकडों स्त्रिया व मुली त्यांनीं तेथें सांभाळिल्या. अमेरिकेच्या राज्यघटनेनें स्त्रियांचा मताधिकार १९२० सालीं मान्य केला, आणि मुंबई कायदेमंडळानें १९२१ सालीं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं वारल्या.