तटाच्या आतलं चर्च आणि गावाच्या कडेचं घर

तेरेखोलच्या किल्ल्यावर मी पहिल्यांदा गेलो तो इतिहासासाठी नव्हे. इंजिनियर माणूस, नदीचं मुख दिसलं की पात्राची रुंदी नजरेनं मोजायची सवय. केरीहून फेरीबोटीनं पलीकडे उतरलो, चढण चढलो, तर तटाच्या आत सांत आंतोनिचं चर्च. किल्ला मुळात सावंतवाडीकरांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला: राज्य ख्रिस्ती, मग पेडणे-डिचोलीतला ख्रिस्ती माणूस गावात यजमान होता की पाहुणा?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी. तिथे सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. लोक देव घेऊन नदीपलीकडे गेले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्वे गावी आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधवून घेतलं. म्हणजे डिचोली ही आसऱ्याची भूमी.

आता गंमत बघा. जुन्या काबिजादीत धर्म बदललेल्या गावकाराची गावकी टिकली. जमिनीतला वाटा, वर्षाची जोण, सगळं त्याच्याकडेच राहिलं. डिचोली १७८१ ला, सत्तरी त्यानंतर आणि पेडणे १७८८ ला पोर्तुगीजांकडे गेलं, तोवर काळ बदलला होता. इथल्या लोकांच्या धर्माला आणि चालीरीतींना हात लावायचा नाही, असं धोरण ठरलं. गावकी हिंदूंकडेच राहिली. नंतर बार्देशातून शापोरा ओलांडून जे ख्रिस्ती आले, माड काढणारे रेंदेर, पाव भाजणारे पोदेर, मासेमारी करणारे, ते सगळे उपरे. जोण नाही, मांडावर जागा नाही, पालखीत मान नाही. घर भाटकाराच्या जमिनीत. प्रार्थना कोंकणीतून, तीही रोमी लिपीत. शेजाऱ्याचं कीर्तन आणि पोथी मराठीत.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. हा उपरेपणा निव्वळ धर्माचा नव्हता. गावात आधी कोण आलं, जमीन कोणी फोडली, यावर मान ठरायचा. सरकार चर्च बांधून देऊ शकत होतं. गावकी देऊ शकत नव्हतं. तीच अडचण गावकीबाहेरच्या हिंदू मुंडकारालाही होती. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं दोघांच्याही डोक्यावरच्या छपराला संरक्षण दिलं.

पण ख्रिस्ती मुंडकाराच्या वाट्याला एक जादा ओझं आलं. 'ही पाकल्यांची माणसं', अशी कुजबुज मी स्वतः ऐकलीय, तीही चांगल्या शिकलेल्या तोंडून. त्यांना मी तेरेखोलची गोष्ट सांगतो. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही याच किल्ल्यात शिरले आणि तिरंगा लावला. त्यांचं नेतृत्व करणाऱ्याचं नाव आल्फ्रेड आफोन्सो. चर्च आणि तो झेंडा, दोन्ही एकाच तटाच्या आत. मुक्ती यायला अजून सात वर्षं होती.

आपण मंडळी गावांचे इतिहास लिहितो तेव्हा देवस्थानापासून सुरुवात करतो आणि बारा वांगडी-गावकरांवर थांबतो. माझी विनंती एवढीच की वाड्याच्या कडेला खुरीस असलेलं घर दिसलं, तर तिथेही बसा. कुठून आलात, कोणाच्या भाटात राहिलात, पहिली भिंत कधी घातली, ते विचारा. त्या घरातली म्हातारी माणसं आता थोडीच उरलीत.