सालममिश्रीची कहाणी

वैद्यांकडची सालममिश्री म्हणजे रानटी ऑर्किडचे वाळवलेले कंद होत. अरबांनी या कंदाला कोल्ह्यावरून नाव दिले. त्यातूनच तुर्कांचा ‘सालेप’ आला. तुर्क लोक त्याचे पीठ दुधात उकळून पितात. अठराव्या शतकात चहा-कॉफी महाग असताना लंडनच्या रस्त्यांवरही हे पेय गोरगरिबांना विकले जाई.

या वनस्पतीला दोन कंद असतात : एक सरत्या वर्षाचा, सुकत चाललेला, दुसरा पुढील वर्षासाठी भरलेला. खणणारा हा दुसराच नेतो, आणि झाडाचा वंश तेथेच थांबतो. किलोभर पिठाला हजाराहून अधिक कंद लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे हानीचा अंदाज येतो.

१९७५ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने या व्यापारावर नियंत्रण आणले. परंतु मागणी आपली आहे. ती आवरल्यावाचून केवळ कायद्याने ही वनस्पती वाचेल, असे आम्हांस वाटत नाही.